ऑडिशनला काय बघतात

दर वर्षी युवारंग संपला की मला धुळ्या-जळगावहून फोन येतात. युवारंग म्हणजे आमच्या विद्यापीठाचा युवक महोत्सव. विडंबननाट्यात नाहीतर मूकनाट्यात बक्षीस मिळालेलं असतं, डोक्यात नाटकाचं वारं शिरलेलं असतं, आणि घरात "आता पुढे काय" सुरू झालेलं असतं. प्रश्न ठरलेला असतो. "ताई, नाटकाच्या कोर्सला ऑडिशन असते ना, त्यात नेमकं काय बघतात?" फोनवर सांगताना निम्मं राहून जातं. म्हणून जसं घडलं तसं लिहिते.

मी धुळ्याची. पप्पा एसटीत वाहक, आई अंगणवाडीत मदतनीस. जळगावला मावशीकडे राहायची सोय होती म्हणून बी.कॉम. तिथे केलं. पहिल्याच वर्षी मूकनाट्यात एक मुलगी कमी पडत होती, तिथे मला उभं केलं. मग सुटका झाली नाही. एकांकिका झाल्या, पुरुषोत्तम करंडकाच्या जळगाव केंद्रावर एक एकांकिका झाली, हौशी राज्य नाट्य स्पर्धेतल्या नाटकांत छोट्या भूमिका झाल्या. एका नाटकात मी तीन वाक्यांची मोलकरीण होते आणि उरलेला वेळ विंगेत इस्त्री करत होते.

या सगळ्यातून एक सवय लागली, ती आवाजाची. युवारंगचा मांडव मोठा, माइक कधी घशाशी तर कधी गायब, आणि समोर शिट्ट्या मारणारी पोरं. शेवटच्या रांगेतल्या पोराला हसवलं की काम झालं. त्यात मजा होती, बक्षिसंही होती. ऑडिशनच्या खोलीत मात्र समोर चार माणसं बसलेली असतात, आठ-दहा फुटांवर. हा फरक मला कोणी आधी सांगितला नव्हता.

टी.वाय.ला असताना चौकशी सुरू केली. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय म्हणजे एनएसडी, तीन वर्षांची पदविका. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, 1987 सालचं. मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स, 2003 ची, पदव्युत्तर. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग तर आपल्याला सगळ्यांत जवळचा. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा अभिनयाचा कोर्स पडद्याचा, आणि तिथे आधी लेखी परीक्षा. मला रंगमंचावर काम करायचं होतं, त्यामुळे ती वाट सोडली.

पप्पांचा विरोध नव्हता, पण त्यांचा एक मुद्दा होता. "आपल्या शिरपूरची स्मिता पाटील कोणत्या शाळेत शिकली गं अभिनय?" मुद्दा खोटा नव्हता. ती दूरदर्शनवर बातम्या द्यायची, तिथून सिनेमात गेली. मी म्हटलं, सोलापूरचे अतुल कुलकर्णी एनएसडीत शिकले, रोहिणी हट्टंगडी एनएसडीच्याच. पप्पा म्हणाले, "ठीक आहे, बघ." त्यांचा होकार असाच असतो.

पहिली अडचण आली कागदांची. एनएसडीला माझ्या वेळी पदवी हवी होती, वय 18 ते 30 मध्ये हवं होतं, किमान सहा नाटकांत काम केल्याचे पुरावे आणि एखाद्या जाणकार रंगकर्मीचं शिफारसपत्र लागत होतं. नाटकं मी केली होती, पण प्रमाणपत्रं कुठे होती? ज्या हौशी संस्थेच्या दोन नाटकांत मी होते, तिच्या चिटणिसांनी "देतो, देतो" म्हणत मला उन्हाळाभर फिरवलं. फोन केला की ते लग्नात असायचे. शेवटी आमच्या नाटकाच्या सरांनी मार्ग काढला. राज्य नाट्य स्पर्धेच्या वेळी वाटलेली माहितीपत्रकं त्यांच्या कपाटात होती, त्यात नटसंचात माझं नाव छापलेलं. त्याच्या झेरॉक्स, वर्तमानपत्रातली कात्रणं, प्रयोगाचे फोटो, हे सगळं तारखेप्रमाणे लावून एक फाइल केली. ती चालली. आता मी प्रत्येकाला सांगते, पडदा पडल्यावर मेकअप उतरवायच्या आधी माहितीपत्रकाच्या दोन प्रती पिशवीत टाक.

दुसरी अडचण पैशांची. एका मोठ्या शहरातल्या खासगी क्लासची जाहिरात मोबाइलवर आली. ऑडिशनची तयारी, शनिवार-रविवार, प्रवेशाची खात्री. मावशीने पैसे दिले. तिथे हॉल भरून मुलं होती आणि सगळ्यांना एकच स्वगत दिलं होतं. या वाक्याला डावा हात वर, इथे गुडघ्यावर, इथे हुंदका. हुंदका कुठे घ्यायचा ते कागदावर फुलीने दाखवलेलं. पुढे मुंबईत ऑडिशनच्या दिवशी बाहेर पॅसेजमध्ये बसले होते, तर आतून तेच स्वगत ऐकू आलं. थोड्या वेळाने दुसऱ्या मुलाचं, पुन्हा तेच. डावा हात वर गेला असणार ते न बघता कळत होतं. पैसे काही परत मिळाले नाहीत.

सर मात्र फुकट शिकवत. ते निवृत्त प्राध्यापक, जळगावच्या बालगंधर्व खुल्या नाट्यगृहात त्यांनी तरुणपणी बरीच कामं केलेली. मी त्यांना विचारलं, 'नटसम्राट'मधलं काही करू का? ते हसले. म्हणाले, "एकवीस वर्षांच्या पोरीने म्हातारा बेलवलकर केला तर परीक्षक बेलवलकर बघतील. तू कुठे दिसणार?" मग मी 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधली बेणारे सुचवली. "दर दुसरी मुलगी बेणारे करते. पाडगावकरांची कविता नाहीतर बेणारे, असं आहे तुमचं."

शेवटी 'वाडा चिरेबंदी'तली प्रभा ठरली. महेश एलकुंचवारांचं नाटक, 1985 साली विजया मेहतांनी बसवलेलं. त्यातले देशपांडे धरणगावकर आहेत. आपल्या जळगावजवळचं धरणगाव ते नव्हे, ते नाटकातलं विदर्भातलं. प्रभाला शिकायचं होतं, घरच्यांनी शिकू दिलं नाही. ती माझ्याहून वयाने मोठी, पण तिचा राग मला कळत होता. माझ्या दोन मावसबहिणींच्या बाबतीत मी तो जवळून पाहिला होता. सरांनी अट घातली, उतारा पाठ करायच्या आधी पूर्ण नाटक वाच. एकदा वाचून गेले तर म्हणाले, "आता त्यातल्या अंजलीच्या बाजूने वाच. आता वहिनीच्या."

एनएसडीची प्राथमिक फेरी मी मुंबईत दिली. तिथे मात्र उतारे त्यांनी दिलेल्या यादीतूनच निवडायचे होते, आणि मी हिंदीत करायचं ठरवलं. माझं हिंदी म्हणजे धुळ्याच्या बाजारातलं. "मेरेको", "तेरेको" आणि मध्येच एखादं अहिराणी क्रियापद. ते मी घासूनपुसून नीट केलं होतं, पण सगळं लक्ष उच्चारांकडे राहिलं. पॅसेजमध्ये कोणी भिंतीला टेकून आ-ऊ करत होतं, कोणी जमिनीवर आडवं पडून श्वास घेत होतं. एक मुलगा फोनवर आईशी भांडत होता. पुढे निवड त्याचीच झाली.

आत गेले, सुरुवात केली, आणि निम्म्यात "थँक यू" ऐकू आलं. मला वाटलं, संपलं. डोळ्यांत पाणी आलं, ते लपवण्यात पुढचं मिनिट गेलं. मग गाणं म्हणायला सांगितलं. मी मोबाइलवर ऐकून पाठ केलेलं नाट्यगीत म्हटलं, वरच्या पट्टीत अडकले. शेवटचं पाहिलेलं नाटक कोणतं, असं विचारलं. धुळ्याला व्यावसायिक नाटकाचा दौरा कधीमधी येतो आणि तिकीट परवडत नाही. मी एका गाजलेल्या नाटकाचं नाव घेतलं जे मी फक्त तुकड्यांत, मोबाइलवर पाहिलं होतं. पुढचा प्रश्न नेपथ्याचा आला. मला काही सांगता आलं नाही.

यादीत नाव आलं नाही. ज्यांचं येतं त्यांना दिल्लीला अनेक दिवसांच्या कार्यशाळेला बोलावतात, आणि त्यातून देशभरातून बत्तीसच्या आसपास घेतात. निम्म्यात थांबवणं म्हणजे नापास नव्हे, हे मला नंतर कळलं. रांग मोठी असते, त्यांना जे बघायचं ते बघून झालं की थांबवतात. निवड झालेल्या त्या भांडणाऱ्या मुलालाही निम्म्यातच थांबवलं होतं.

धुळ्याला परत आले. पुण्याच्या प्रवेशाला वेळ होता. सकाळी सरांनी सांगितल्याप्रमाणे वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचे. आपल्याकडे 'ळ' सहज 'य' होतो, केळीची केयी होते. तो बोलीचा भाग आहे, त्यात कमीपणा नाही, पण प्रमाण भाषेतली भूमिका करताना दोन्ही जमले पाहिजेत, असं सरांचं म्हणणं. मी वाचायचे आणि पप्पा ड्यूटीला जाता जाता चुका काढायचे. त्यांच्या स्वतःच्या 'ळ'चा पत्ता नव्हता, ते सोडा.

संध्याकाळी आई कळण्याच्या भाकरी थापायची आणि मी ओट्याशी उभी राहून प्रभा म्हणायचे. एकदा ती मान वर न करता म्हणाली, "कोनासंगे बोली ऱ्हायनी तू?" मी म्हटलं, भावाशी. "मंग भाऊ कथा शे?" मी हाताने कुठेतरी दाखवलं. तिने पिठाचा हात फ्रिजकडे केला. "आत्ते तठे व्हता ना!" मी दर वाक्याला भावाची जागा बदलत होते. आईने नाटक पाहिलेलं नाही, पण ज्याच्याशी भांडतोय तो माणूस कुठे बसलाय, एवढं तिला माहीत असतं. मग मी भावाला खुर्ची दिली. त्याचं तोंड कुठे, तो केव्हा उठायला बघतो, ते ठरवलं. दुसऱ्या दिवशी तिनेच मला भाकरी थापायला बसवलं आणि म्हणाली, आता बोल. हात कामात गुंतले आणि माझे ते जुने युवारंगी हातवारे आपोआप गेले.

पुण्याला ललित कला केंद्रात एम.ए.साठी गेले. रात्रीच्या बसने पहाटे उतरून थेट परीक्षेला जायचं नाही, हे मुंबईत शिकले होते. घसा बसतो. एका मैत्रिणीच्या खोलीवर आदल्या दिवशीच पोचले.

तिथे आधी सगळ्यांना एकत्र घेतलं. चाला, थांबा, वेग बदला, समोरच्याची नक्कल करा, चार जणांत मिळून एक प्रसंग उभा करा. आमच्या गटात पिंपरीचा एक मुलगा फार हुशार होता, त्याने लगेच सगळं हातात घेतलं. मी तिसरी-चौथी बोलले. मला वाटलं, मागे पडले. पण मधूनच वर बघितलं तर परीक्षक त्या मुलाकडे बघतच नव्हते. जी माणसं त्या क्षणी बोलत नव्हती ती काय करतात, तिकडे त्यांचं लक्ष होतं.

मग एकेकाला आत बोलावलं. प्रभा केली. निम्म्यात थांबवलं, तेव्हा या वेळी रडू आलं नाही. समोरच्या मॅडमनी विचारलं, "त्या घराच्या दारात ट्रॅक्टर आहे ना? तू उभी आहेस तिथून तो कुठल्या बाजूला?"

'वाडा चिरेबंदी'त दारात एक बंद पडलेला, गंजलेला ट्रॅक्टर असतो. माझ्या उताऱ्यात त्याचा उल्लेख नव्हता. पण आमच्या मामाकडे साक्रीला तसाच एक ट्रॅक्टर होता, कर्जाचा, दारात उभा, कोंबड्या त्याच्यावर बसायच्या. मी उजवीकडे हात केला. "दिसतो तिथून?" म्हटलं, "अर्धा दिसतो. चाक दिसतं." "बरं. आता पुन्हा कर. शेजारच्या खोलीत आई नुकतीच झोपली आहे, ती उठता कामा नये."

आतापर्यंत प्रभा मी ओरडूनच केली होती. दबक्या आवाजात तिचा राग कसा येईल, याचा विचारही केला नव्हता. सुरुवात केली, दोन वाक्यं विसरले, थांबले, पुन्हा उचललं. कोणी काही बोललं नाही. मग म्हणाले, तुझ्या घरच्या बोलीत कर. अहिराणीत करताना वाक्यं माझीच झाली, मूळ शब्द पार बदलले. एक परीक्षक हसले, ते चांगलं की वाईट कळेना.

गाणं विचारलं तेव्हा नाट्यगीत सोडून दिलं आणि कानबाईच्या जागरणाला आमच्या गल्लीतल्या बायका म्हणतात ते म्हटलं. सूर साधा, पण लहानपणापासून घशातलं. अलीकडे काय पाहिलं, या प्रश्नावर राज्य नाट्य स्पर्धेत पाहिलेली तीन नाटकं सांगितली, त्यातलं एक का पडलं ते सांगितलं, आणि गावाकडे ऐकलेलं वहीगायन सांगितलं. डफावरच्या त्या गाण्याबद्दल त्यांनीच पुढचे प्रश्न विचारले. शेवटी विचारलं, पुण्यात राहणार कशी, घरून किती मिळतील, पैसे कमी पडले तर सोडून जाशील का? हा प्रश्न सगळ्यांना विचारत होते. मी खरा हिशोब सांगितला.

प्रवेश मिळाला.

त्यानंतर प्रवेशाच्या वेळी आम्हा विद्यार्थ्यांना कामाला लावत. नावं पुकारायची, पाणी द्यायचं, कधी समोर उभं राहून मुलांना दुसऱ्या पात्राची वाक्यं द्यायची. तिथे बसून जे दिसलं ते कुठल्या क्लासने सांगितलं नसतं. उंची, रंग, चेहरा यावर माझ्यासमोर कधी चर्चा झाली नाही. चर्चा व्हायची ती "सांगितलेलं बदललं का" यावर. एखाद्याचं पहिलं सादरीकरण साधारण असायचं, पण एक सूचना दिल्यावर तो काहीतरी वेगळं करून बघायचा, चुकत का होईना. त्याच्या नावापुढे खूण व्हायची. उलट काही मुलं इतकी पक्की बसवून यायची की सूचना दिली तरी तेच, तसंच, त्याच हुंदक्यासकट. शिकवायला जागाच नाही, असं एक सर म्हणाले होते.

आणखी काही. सिनेमातल्या नटांच्या नकला आपल्याकडे पोरं फार सुंदर करतात, युवारंगमध्ये त्याला वेगळी स्पर्धाच आहे. पण उताऱ्यात ती नक्कल शिरली की परीक्षकांना तो नट दिसतो. "सर, घसा बरा नाही" अशी सुरुवात करू नका, सगळ्यांचा घसा त्या दिवशी बरा नसतो. परीक्षकाच्या डोळ्यांत बघून त्याला खलनायक समजून संवाद फेकू नका, तो बिचारा लिहीत असतो. साडी, विग, लाकडी तलवार काही नेऊ नका. अंगाला मोकळे कपडे घाला. जमिनीवर बसायला, लोळायला लावतात. जीन्समध्ये एक मुलगी अडकली होती, तिला वाकताच येईना.

चोपड्याच्या एका मुलाचं सांगते. अतिशय लाजरा, नाव सांगताना आवाज फुटेना. समूहाच्या खेळात दुसरी एक मुलगी पाय घसरून पडली. तो प्रसंग न मोडता तिच्याजवळ बसला आणि त्या पडण्याचंच काहीतरी करून टाकलं, ती शेतात भोवळ येऊन पडली आहे असं. सगळे त्याच्यामागे गेले. उतारा त्याने पुढे फार वाईट केला. तरी घेतलं त्याला.

पैशांचं. विद्यापीठांतली फी खासगी अभिनय शाळांच्या मानाने कमी आहे. खासगी ठिकाणी लाखांत बोलतात. एनएसडीत निवड झालेल्यांना दरमहा शिष्यवृत्ती मिळते. राज्यातल्या विद्यापीठांत राखीव प्रवर्गाच्या मुलांना महाडीबीटीवरून शिष्यवृत्तीचा अर्ज करता येतो, पण पैसे उशिरा येतात. पहिल्या सत्राचा जेवणाखाण्याचा खर्च हातात धरूनच निघा. मी मेसमध्ये एक वेळचा डबा लावला होता आणि दुसऱ्या वेळेला आईने दिलेलं भरड्याचं पीठ चालवलं.

नियम दर वर्षी थोडेफार बदलतात. माझ्या वेळचं सांगितलं ते तसंच धरून बसू नका, त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा, मित्राने सांगितलेलं नको. जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, उत्पन्नाचा दाखला हे आधी काढून ठेवा. निकाल लागले की सेतू केंद्रात अकरावीपासूनची सगळी पोरं एकदम येतात, सर्व्हर बंद पडतो आणि रांग रस्त्यावर येते. एप्रिलमध्येच जाऊन या.